औषध चालेना: सांगोला तालुक्यातल्या एका गोठ्यातला थायलेरिया

पार्श्वभूमी

हे कुटुंब माण नदीच्या अंगाला राहणारं. डाळिंबाची बाग आधी तेल्या रोगानं आणि मग पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीनं गेली, तेव्हा दोघा भावांनी खोडं उपटून जनावरांवर भर द्यायचं ठरवलं. घरच्या सहा संकरित होल्स्टिन गाई आधीपासून होत्या. त्यांत फेब्रुवारीत कर्नाटकातल्या एका व्यापाऱ्याकडून आणखी पाच घेतल्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, अंगानं मोठ्या. शिवाय दावणीला खिलार बैलजोडी, एक पंढरपुरी म्हैस आणि चार-पाच कालवडी-वासरं. नवा मुक्त संचार गोठा अर्धवट उभा होता, म्हणून आणलेल्या गाई जुन्या दगडी गोठ्यातच बैलांच्या शेजारी बांधल्या. माती भरलेल्या सांध्यांच्या भिंती, मुरमाची भुई, वर पत्रा.

या भागात गोचीडताप नवा नाही. थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशी परजीवी हायलोमा जातीची गोचीड जनावरात सोडते. आधी तो पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला कर्करोगाच्या पेशीसारखी वाढायला लावतो. पेशी दुभंगली की तिच्याबरोबर हाही दुभंगतो. खांद्यापुढची गाठ सुजते ती यामुळे. नंतर तो लाल पेशीत उतरतो, मग रक्त पातळ होतं, डोळे पांढरेफटक पडतात, पुढे पिवळे. खिलार आणि इतर देशी जनावरं हा आजार बहुधा सोसून जातात. संकरित गाय, तीही अशा गोचिडीत न वाढलेली, लवकर कोसळते. बरं झालेलं जनावर मात्र कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, थोडे परजीवी रक्तात बाळगून असतं. अशा जनावराला वाहक म्हणतात. त्याला काही होत नाही, पण त्याच्यावर चरलेली गोचीड पुढच्या गाईला आजार देते.

हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण असं की त्यात एक प्रश्न फार लवकर विचारला गेला आणि त्याचं उत्तर भलत्याच कागदात शोधलं गेलं. प्रश्न होता, परजीवी औषधाला दाद देईनासा झालाय का?

अडचण कशी उभी राहिली

एप्रिल संपता संपता आणलेल्या गाईंपैकी एकीनं खाणं टाकलं, दूध निम्म्यावर आलं. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, गाय धापा टाकत होती, ताप १०५ फॅरनहाइट. "ऊन लागलंय" असं ठरलं. पाणी मारलं, सलाईन लावलं, तापाचं इंजेक्शन दिलं. यात फार चुकलं असं म्हणता येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तीनला कुठल्याही होल्स्टिन गाईचं अंग तापलेलंच सापडतं. पहाटे मोजलेला ताप काय तो खरं सांगतो, आणि तो कुणी मोजला नव्हता. तिसऱ्या दिवशी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक झालं. पाचव्या दिवशी खांद्यापुढची गाठ हाताला लागली, आणि मग ब्युपार्व्हाक्वोन हे थायलेरियावरचं औषध दिलं. आठव्या दिवशी गाय गेली.

दुसरी गाय आठवड्याच्या आत पडली. तिला ब्युपार्व्हाक्वोन दुसऱ्याच दिवशी मिळालं, दोन दिवसांनी पुन्हा मिळालं, तरी ती गेली. तिसरी सुधारली, चारा खाऊ लागली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तापली. चौथी आणि घरच्यांपैकी एक गाभण गाय आजारी पडून सावरल्या.

दुसऱ्या मरणानंतर गावात बोलणं फिरलं. दूध संकलन केंद्रावर कुणीतरी सांगितलं की या औषधाला आता थायलेरिया जुमानत नाही, बाहेरच्या देशात तसं सिद्ध झालंय. थोरल्या भावानं मला विचारलं ते असं: "डॉक्टरसाहेब, औषध बोगस हाय का किडा बदललाय? एक काय ते सांगा, म्हंजे पैसा कुठं घालायचा ते ठरवू."

बाहेरच्या देशांबद्दलची ती गोष्ट निराधार नव्हती. ब्युपार्व्हाक्वोन परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या एका खाचेत बसतं आणि त्याचं ऊर्जेचं काम थांबवतं. ट्युनिशिया, इराण, सुदान, तुर्कस्तान इथल्या नमुन्यांत या खाचेजवळ बदल सापडलेत. प्रथिन हे अमिनो आम्लांची साखळी असतं; तिच्यात १२९ व्या जागी सेरिनऐवजी ग्लायसिन आणि २५३ व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन ही त्यांतली नावाजलेली उदाहरणं. थायलेरियासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुख्य भरवसा या एकाच औषधावर आहे. ते गेलं तर हाताशी तसं दुसरं काही नाही. म्हणून शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

तपासण्या, आणि अहवालावरून उठलेलं वादळ

तालुक्यातल्या डॉक्टरांनी तिसऱ्या गाईच्या गाठीतून सुईनं पाणी काढून काचेवर पसरलं. गिम्सा रंगात कॉखच्या निळ्या गोळ्या, म्हणजे पांढऱ्या पेशीतले थायलेरियाचे पुंजके, स्पष्ट दिसल्या. म्हणजे थायलेरिया आहे याबद्दल वाद उरला नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत आजारी आणि निरोगी अशा दोन्ही जनावरांचं रक्त घेतलं, बर्फात घालून पाठवलं. पीसीआर, म्हणजे रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, एका प्रयोगशाळेत झाली. पुढची जनुकीय तपासणी संशोधनाचा भाग म्हणून दुसरीकडे झाली, त्यामुळे मालकाला तिचा खर्च पडला नाही. हे सांगणं गरजेचं आहे. साध्या गोठ्याला अशी तपासणी सहज मिळत नाही.

पीसीआरमध्ये थायलेरिया ॲन्युलाटा सगळ्या आजारी गाईंत निघाला. दोन्ही बैलांत आणि म्हशीतही निघाला, आणि ती तिन्ही जनावरं ठणठणीत होती. तिसऱ्या गाईत, जी पुन्हा तापली होती, ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल हा लाल पेशीत राहणारा जिवाणूही सापडला. बबेशिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी कुठंच नव्हता.

मग आला तो जनुकीय अहवाल. त्यात केंद्रकातल्या डीएनएवरच्या काही मायक्रोसॅटेलाइट खुणा, म्हणजे परजीवीचे प्रकार वेगळे ओळखायला वापरतात ते पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, तपासल्या होत्या. प्रत्येक जनावरात, जवळजवळ प्रत्येक खुणेवर, एकाहून अधिक प्रकार. एका बैलात तर एका खुणेवर पाच. कुणीतरी अहवालाचा फोटो काढून दुधाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तालुक्यात "पाच जातींचा नवा थायलेरिया" आला होता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा गोंधळ याच ठिकाणी झाला. एका जनावरात अनेक जनुकीय प्रकार असणं हे थायलेरिया ॲन्युलाटाचं नेहमीचं वागणं आहे. भारतात आणि बाहेर झालेल्या अशा अभ्यासांत बहुतेक नमुने मिश्रच निघतात, आणि वाढत्या वयाबरोबर एका जनावरातल्या प्रकारांची संख्याही वाढते, कारण दरवर्षी नव्या गोचिडी नवे प्रकार आणून घालतात. बैलात पाच निघाले ते तो दहा उन्हाळे त्याच दावणीला काढून बसलाय म्हणून. शिवाय या परजीवीचं लैंगिक मीलन गोचिडीच्या आतड्यात होतं. एकाच बैलावर चरलेल्या पिल्लू गोचिडीच्या पोटात दोन प्रकार एकत्र आले की त्यांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि तिसराच प्रकार पुढच्या गाईत उतरतो. जिथं गोचिडी भरपूर आणि वाहक जनावरं भरपूर, तिथं विविधता भरपूर. तो आकडा गोठ्यातल्या गोचिडींचा हिशोब सांगतो, औषधाचा नाही.

दुसरी बाब अहवाल वाचणाऱ्या बऱ्याच शिकलेल्या माणसांनाही सुटते. मायक्रोसॅटेलाइट खुणा केंद्रकात असतात. औषध जिथं बसतं त्या सायटोक्रोम बीचा जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतंत्र, अगदी छोट्या डीएनएत असतो. त्या डीएनएत फक्त तीन प्रथिनांची माहिती असते. केंद्रकातले पत्ते कितीही पिसले गेले तरी सायटोक्रोम बी जसा आहे तसाच राहू शकतो. उलट, केंद्रकात एकच एक प्रकार असूनही सायटोक्रोम बी बदललेला असू शकतो. म्हणून "विविधता जास्त, म्हणून औषध चालत नाही" हे विधान तपासल्याशिवाय खरंही नाही आणि खोटंही नाही. तो निष्कर्ष काढायला लागणारा पुरावा त्या कागदावर नव्हताच.

सायटोक्रोम बीची क्रमवारी, म्हणजे त्या जनुकातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम, वेगळी काढली होती, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर असल्यामुळे ती ग्रुपवर कुणी वाचली नाही. १२९ आणि २५३ या दोन्ही जागा सगळ्या नमुन्यांत जुन्या, मूळ रूपातच होत्या. एका नमुन्यात आलेखावर एका जागी दोन शिखरं एकावर एक दिसत होती, म्हणजे तिथं दोन प्रकार मिसळलेले. पण तो बदल अमिनो आम्ल बदलणारा नव्हता.

यावर तालुक्यातल्या डॉक्टरांनी अगदी योग्य शंका काढली. मिश्र संसर्गात सगळ्यांची क्रमवारी एकत्रच वाचली जाते. औषधाला न जुमानणारा प्रकार थोडा असेल, समजा दहात एक, तर त्याचं शिखर पार्श्वभूमीच्या खळखळीत बुडून जाईल. अहवालात "आढळला नाही" असं होतं. "नाही" असं नव्हतं. आणि नमुना तिसऱ्या गाईला पहिलं इंजेक्शन देऊन झाल्यानंतर घेतलेला होता. म्हणजे औषधापूर्वी तिच्यात कोणते प्रकार किती होते हे कळायला मार्ग नव्हता.

समोरचे पर्याय

धाकट्या भावाचा कल उरलेल्या तीन आणलेल्या गाई विकून मोकळं व्हायचा होता. सांगोल्याचा जनावरांचा बाजार जवळच, सावरलेली गाय तिथं कुणाला कळत नाही. थोरल्यानं विरोध केला, पण तो किमतीपोटी होता, उन्हाळ्यात जनावरांचा भाव पडलेला असतो म्हणून. आमचा विरोध वेगळ्या कारणानं. सावरलेली गाय ही वाहक असते. ती ज्या गोठ्यात जाईल तिथल्या गोचिडींना ती नवे प्रकार देईल. सोलापूर, सांगली, विजापूरकडची जनावरं या बाजारांतून सतत इकडून तिकडं जातात, दुष्काळात चारा छावण्यांत तर शेकडो गोठ्यांची जनावरं महिनोन्महिने एकत्र उभी राहतात. परजीवीच्या विविधतेला यापेक्षा चांगली सोय नाही. औषधाला न जुमानणारा प्रकार खरंच असला, तर त्याला तालुकाभर पोचवायचा सर्वांत सोपा मार्गही हाच.

दुसरा पर्याय, डोस दुप्पट करायचा. गावात हे सर्रास सुचवलं जातं. हा पर्याय तपासताना एक साधी गोष्ट बाहेर आली आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची दिशा तिथं बदलली. डोस दुप्पट करण्याआधी मूळ डोस तरी पूर्ण दिला होता का?

ब्युपार्व्हाक्वोनचा डोस किलोमागे २.५ मिलिग्रॅम. औषधात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० किलोला एक मिलिलिटर. २० मिलिलिटरची बाटली ४०० किलोच्या गाईला बरोबर पुरते. आणि "एक गाय, एक बाटली" असा रिवाज सगळीकडे पडलाय. दुसरी मेलेली गाय अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तिसरी दावणीला होती, अंगानं जवळजवळ तितकीच. तिला टेपनं मोजलं. छातीचा घेर ७४ इंच, खांद्याच्या सांध्यापासून मागच्या हाडापर्यंत लांबी ६२ इंच. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ६६०, असं केलं की वजन येतं सुमारे ५१४ किलो. म्हणजे तेवढ्याच अंगाच्या त्या मेलेल्या गाईला साडेपंचवीस मिलिलिटरच्या वर औषध लागत होतं, मिळालं वीस. किलोमागे २.५ ऐवजी दोनच्या आत. दोन्ही वेळा.

खिलार किंवा जुन्या लहान संकरित गाईंसाठी एक बाटली पुरून उरायची. गाई मोठ्या झाल्या, बाटली तेवढीच राहिली. कमी डोसमध्ये मरता मरता वाचलेला परजीवी हा पुढे औषधाला सरावायची सुरुवात असू शकतो, हे वेगळंच.

तिसरा पर्याय, औषध बदलायचं. इमिडोकार्ब आणि डायमिनाझिन ही नावं घेतली गेली. बबेशियावर ती चालतात, थायलेरिया ॲन्युलाटावर त्यांचा भरवसा नाही. इमिडोकार्ब ॲनाप्लाझ्मावर चालतं, म्हणून तिसऱ्या गाईसाठी ते विचारात राहिलं, पण थायलेरियाला पर्याय म्हणून नाही.

चौथा पर्याय मालकालाच सुचला, आणि तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. बैल, म्हैस, कालवडी, सगळ्यांनाच एकदा ब्युपार्व्हाक्वोन टोचून गोठा स्वच्छ करायचा. यावर आमच्यात सर्वांत जास्त चर्चा झाली. न करण्याची कारणं दोन. एक, अंगात थोडे परजीवी बाळगूनच बैल आणि घरच्या गाई सुरक्षित आहेत. तो साठा काढून घेतला तर पुढच्या उन्हाळ्यात तेही उघडे पडू शकतात, आणि गोचिडी तर भिंतीत बसलेल्याच आहेत. दोन, निरोगी जनावरांत असंख्य प्रकारांवर एकाच वेळी औषध मारणं म्हणजे त्यातून न जुमानणारे वेचून काढणं. शिवाय हे औषध शरीरातला शेवटचा परजीवी मारतंच असं नाही. उपचारानंतरही पीसीआर पॉझिटिव्ह येणं हे औषध हरल्याचं लक्षण धरत नाहीत, ताप आणि रक्त यांवरून ठरवतात.

लसीचा पर्याय सगळ्यांत शेवटी आला. "इतके प्रकार आहेत तर एका प्रकारापासून केलेली लस काय कामाची?" हा प्रश्न चुकीचा नाही. थायलेरिया ॲन्युलाटाची भारतात मिळणारी लस प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केलेल्या संसर्गित पेशींची आहे. ती संसर्ग थांबवत नाही, आजाराची तीव्रता मोडते, आणि वेगळ्या प्रकारांविरुद्धही बऱ्यापैकी आधार देते. पूर्व आफ्रिकेत थायलेरिया पार्व्हाच्या बाबतीत हा प्रश्न इतका मोठा ठरला की तिथल्या मुगुगा कॉकटेल या लसीत तीन वेगवेगळे वाण मिसळावे लागले. ॲन्युलाटासाठी तशी गरज अजून मानली जात नाही. मात्र प्रतिकारशक्ती यायला महिना-दीड महिना लागतो, आणि गाभण काळाच्या शेवटी ती देत नाहीत. मे महिन्यात, आजार सुरू असताना, तिचा उपयोग नव्हता.

काय केलं

तिसरी गाय पुन्हा तापली तेव्हा तिची गाठ सुजलेली नव्हती. ही खूण बोलकी होती. रक्ताच्या काचेवर लाल पेशींच्या कडेला ॲनाप्लाझ्माचे ठिपके दिसले, बबेशियात होते तशी लघवी लाल नव्हती. म्हणजे ज्याला गाव "औषध हरलं" म्हणत होतं, त्यातला निदान हा भाग दुसऱ्याच रोगाचा होता. थायलेरियानं खचलेल्या अंगात ॲनाप्लाझ्मा वर आला. तिला जास्त काळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं. हिमोग्लोबिन चारच्या खाली गेलं होतं, म्हणून घरच्या बैलाचं रक्त काढून दिलं. घरातल्या आजींना बैलाचं रक्त गाईला देणं पटत नव्हतं, पण गाय उठून गव्हाणीशी आली तेव्हा त्यांनीच बैलाला गूळ चारला. बैल वाहक होता हे आम्हाला माहीत होतं. गाय आधीच त्याच परजीवीनं भरलेली, त्यामुळे त्या घडीला रक्त महत्त्वाचं ठरलं.

पुढे आजारी पडणाऱ्या जनावरासाठी एक क्रम ठरवला. मे-जूनमध्ये पहाटे ताप मोजायचा. १०३ च्या वर असला तर गाठी चाचपायच्या. औषधाआधी एक नळी रक्त. मग टेपनं वजन, आणि त्यानुसार औषध, एकाच जागी न टोचता मानेत दोन-तीन जागी. बाटलीचा बॅच क्रमांक वहीत. दुधाबाबत लेबलवरचा वर्ज्य काळ पाळायचा, यावर मात्र भावांनी मान हलवली आणि विषय बदलला.

खरी मेहनत भिंतीवर गेली. हायलोमाची मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते, फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. गाईच्या अंगावर फवारा मारून समाधान मिळतं, पण गोचिडींचा मोठा हिस्सा त्या वेळी अंगावर नसतोच. दगडांचे सांधे चार-साडेचार फुटांपर्यंत सिमेंटनं भरले. त्याआधी गॅसच्या बर्नरनं फटी भाजल्या. कडब्याची गंज गोठ्याला लागून होती, ती आधी हलवावी लागली, आणि ते काम बर्नरपेक्षा मोठं ठरलं. डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक कित्येक वर्षं वापरून झालेलं, त्याचा परिणाम कमीच दिसत होता. अमित्राझ या दुसऱ्या गोचीडनाशकावर गेलो, उकिरडा लांब नेला. आजींच्या आग्रहानं गावरान कोंबड्या पुन्हा गोठ्यात सोडल्या. पडलेल्या गोचिडी त्या खरंच वेचतात.

हिवाळ्यात कालवडींना आणि तीन महिन्यांवरच्या वासरांना लस दिली. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, बाहेर काढली की लगेच संपवावी लागते. रेतनाच्या कामासाठी नायट्रोजनचा कंटेनर वापरणारा माणूस गावात होता, म्हणून जमलं. शेजारच्या चार गोठ्यांची वासरं त्याच दिवशी आणवली, नाहीतर उघडलेली कुपी वाया गेली असती.

निकाल

पुढच्या उन्हाळ्यात दोन गाई तापल्या. दोघींना पहिल्याच दिवशी वजनानुसार औषध मिळालं. एक चार दिवसांत चरू लागली. दुसरी, म्हणजे आदल्या वर्षीची तीच तिसरी गाय, सुधारली आणि पुन्हा थोडी तापली. या वेळी गाठ सुजलेली होती, ॲनाप्लाझ्मा नव्हता, डोस पूर्ण होता. दुसऱ्या इंजेक्शननंतर ती बरी झाली. लस दिलेल्या वासरांत कुणी आजारी पडलं नाही. पण तेवढ्यावरून लसीचं श्रेय मोजू नये, भिंतीही त्याच वर्षी भरल्या होत्या.

त्या गाईचा औषधाआधीचा नमुना या वेळी हाती होता. मायक्रोसॅटेलाइट खुणांवर आदल्या वर्षीचे काही प्रकार तेच, काही गेलेले, काही नवे. सायटोक्रोम बी पुन्हा मूळ रूपात. त्यावरून ती पुन्हा का तापली याचं उत्तर मिळत नाही. जुनेच परजीवी उफाळले असतील, किंवा त्या उन्हाळ्यात गोचिडीनं नवे घातले असतील, आणि काही प्रकार दोन्ही वर्षी सामाईक असल्यामुळे दोन्ही शक्यता उभ्या राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट फेब्रुवारीतली. बाहेरून आणलेल्या पाच गाई उन्हाळ्याच्या तोंडावर, गोचिडींनी भरलेल्या भिंतीला, वाहक बैलांच्या शेजारी बांधल्या गेल्या. आजारी कोण पडलं याची यादी पाहिली तरी हे दिसतं: पाचपैकी चार आणलेल्या, घरच्या सहांपैकी एक, आणि तीही गाभण. खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली असती, तर लस देऊन ती अंगात मुरायला वेळ होता. व्यापाऱ्याकडे गाय बघताना दूध आणि कास बघतात, ती कुठल्या गोठ्यात, किती गोचिडीत वाढली हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी खरं उत्तर मिळेल याची खात्री नाही, म्हणून आणलेली गाय नवी समजूनच वागवायची.

पहिली गाय मेल्यावर शवविच्छेदन झालं नाही. थायलेरियात चौथ्या पोटात ठसठशीत व्रण दिसतात. ते पाहिले असते तर दुसऱ्या गाईच्या वेळी अंदाजांत गेलेला वेळ वाचला असता. रात्रीच्या वेळी गाय ओढून न्यायची घाई होती, हे समजण्यासारखं आहे.

अहवाल कसा लिहिला जातो याचाही विचार व्हावा. अनेक प्रकार सापडले हे पहिल्या पानावर ठळक, आणि औषधाच्या जागा मूळ रूपात आहेत हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. शास्त्रज्ञाला पहिलं जास्त रंजक वाटतं, मालकाला आणि डॉक्टरांना दुसरं हवं असतं. दोन्ही एका वाक्यात, पहिल्या ओळीत सांगता येतात.

औषधाला न जुमानणारे प्रकार या भागात येणारच नाहीत असं मी म्हणणार नाही. एकच औषध, कमी पडणारी बाटली, बाजारात फिरणारी वाहक जनावरं, हे सगळं इथं आहेच. म्हणूनच, पूर्ण डोस वेळेत देऊनही गाठ आणि ताप हटला नाही अशा गाईंचेच नमुने, औषधाआधीचे आणि नंतरचे असे जोडीनं, बारकाईनं वाचायला हवेत. थोड्या प्रमाणात असलेला प्रकारही दिसेल अशा खोल क्रमवारीच्या पद्धतीनं. त्या तिसऱ्या गाईची दोन्ही वर्षांची रक्तं अजून डीप फ्रीजरमध्ये आहेत. खर्च कुणी करायचा यावर विषय अडलाय. मालक म्हणतात गाय बरी झाली, आता कशाला. तालुक्यातल्या डॉक्टरांनी अशा आणखी काही जोड्या जमवायला घेतल्या आहेत. पुरेशा झाल्या की एकत्र पाठवायच्या, म्हणजे प्रत्येकी खर्च कमी येईल.

भावांनी या वर्षी बाहेरून गाय घेतली नाही. लस दिलेल्या दोन कालवडी पहिल्या वेताला आल्या आहेत.